किरणोत्साराचे आकडे अपघाताआधीच उघडे करा : अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
अणुऊर्जा नियामक मंडळ,
नियामक भवन, अणुशक्तीनगर, मुंबई.

महोदय,


हे पत्र तेलंगणातल्या वांकिडीहून लिहीत आहे. पूर्वीच्या आदिलाबाद आणि आताच्या कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातला हा भाग महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहे. इथून तारापूरचा अणुप्रकल्प शेकडो किलोमीटर दूर आहे. तिथल्या भट्टीत काही बिघडले तर त्याची झळ आमच्या कापसाला लागेल, अशी भीती घालण्याचा माझा हेतू नाही. पण अणुऊर्जेच्या कारभारात तेलंगणा परका नाही. देशातल्या भट्ट्यांचे इंधन हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये तयार होते, जड पाण्याचा एक मोठा कारखाना गोदावरीकाठी मणुगुरूला आहे आणि किरणोत्सार मोजणारी उपकरणे हैदराबादचीच ईसीआयएल बनवते. ज्या राज्यात इंधन बनते आणि मोजणीचे यंत्रही बनते, तिथल्या नागरिकाने त्या मोजणीचा हिशेब मागितला तर तो आगाऊपणा ठरू नये. माझे म्हणणे एकच आहे. अणुप्रकल्पाभोवती रोज जे मोजले जाते ते रोजच्या रोज, त्या त्या गावात, त्या गावाच्या भाषेत लोकांसमोर आले पाहिजे. हे काम अपघात झाल्यावर सुरू करून भागत नाही. तेव्हा आकडे मिळतात, पण त्यांच्यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नसते.

बिघडलेली अणुभट्टी साफ करण्याच्या कामात मोजणीला इतके महत्त्व का, ते आधी सांगतो. आग लागलेला कारखाना दुसऱ्या दिवशी आत शिरून पाहता येतो. वितळलेली अणुभट्टी वर्षानुवर्षे पाहता येत नाही. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या भट्टीचे थंड करणारे पाणी निघून गेले. आत नेमके काय झाले हे त्या दिवशी तिथल्या अभियंत्यांनाही कळले नव्हते. जुलै १९८२ मध्ये, म्हणजे तीन वर्षांनी, भट्टीत पहिला कॅमेरा सोडला तेव्हा इंधनाचा वरचा भाग ढासळून गेलेला दिसला. गाभ्याचा जवळपास निम्मा भाग वितळला होता, हे पुढच्या तपासात ठरले. इंधन बाहेर काढायला १९८५ ते १९९० अशी वर्षे गेली आणि खर्च सुमारे १०० कोटी डॉलरवर पोचला. या साऱ्या काळात अभियंत्याला, सरकारला आणि शेजारच्या गावाला भट्टीची हालहवाल कळायची ती हवेतल्या, पाण्यातल्या आणि मातीतल्या किरणोत्साराच्या मोजणीतूनच. म्हणून ही मोजणी कोण करतो, ती कोणाला दिसते आणि कधी दिसते, यावर सगळी सफाई अवलंबून असते.

जपानमधल्या फुकुशिमा दाइइची प्रकल्पाच्या सफाईचे काम याहून कितीतरी मोठे आहे. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर आलेल्या त्सुनामीने तिथली डिझेल जनित्रे बुडाली, वीज गेली आणि पहिल्या तीन भट्ट्यांचे इंधन वितळले. भट्ट्यांच्या तळाशी आणि त्याखाली साचलेला इंधनाचा आणि धातूचा राडा सुमारे ८८० टन आहे. पहिल्या भट्टीच्या गाभ्यात इंधन जवळपास उरलेलेच नाही, हे २०१५ मध्ये अवकाशातून येणाऱ्या म्यूऑन कणांच्या साहाय्याने बाहेरूनच ताडावे लागले. दुसऱ्या भट्टीतून राड्याचा पहिला नमुना बाहेर आला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये, तेरा वर्षांहून अधिक काळाने. त्याचे वजन एक ग्रॅमही भरले नाही. चौथ्या इमारतीच्या तलावातले इंधन २०१४ पर्यंत आणि तिसऱ्याच्या तलावातले २०२१ पर्यंत काढून झाले, हे मोठे यश आहे. तरीही ही सफाई २०४१ ते २०५१ च्या दरम्यान संपवण्याचे जुने उद्दिष्ट आता गाठणे अवघड दिसते. म्हणजे अपघाताच्या वर्षी जन्मलेले मूल चाळिशीला येईल तरी शेजारी हे काम चालूच असेल. इतका काळ एखाद्या समाजाने अशा भट्टीशेजारी राहायचे तर नुसत्या आश्वासनावर राहता येत नाही. त्याला रोजचा आकडा लागतो.

आकडे असूनही ते लोकांपर्यंत पोचले नाहीत तर काय होते, याचे सर्वांत वेदनादायी उदाहरण फुकुशिमाजवळच्या नामिए गावाचे आहे. किरणोत्सारी ढग कोणत्या दिशेने जाईल याचा अंदाज बांधणारी स्पीडी नावाची संगणक प्रणाली जपान सरकारकडे होती. तिचे निष्कर्ष त्या पहिल्या दिवसांत नामिएच्या प्रशासनाला मिळाले नाहीत. गावातले हजारो लोक वायव्येकडच्या त्सुशिमा भागात आश्रयाला गेले आणि १५ मार्चला किरणोत्साराचा मोठा लोट त्याच दिशेने गेला. त्याच दिशेला असलेल्या इतातेच्या लोकांना गाव सोडायला सांगितले गेले ते २२ एप्रिलला. त्याच महिन्यात शाळांच्या मैदानांसाठी वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा ठरवली गेली, तेव्हा सरकारच्याच एका सल्लागार प्राध्यापकाने राजीनामा दिला. इंधन वितळल्याची कबुली प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीने दोन महिन्यांनी दिली. तो शब्द वापरू नका अशी सूचना तेव्हा वरून आली होती, हे कंपनीने २०१६ मध्ये मान्य केले. जपानच्या संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाने २०१२ मध्ये हा अपघात मानवनिर्मित ठरवला. चेर्नोबिलची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. २६ एप्रिल १९८६ ला झालेल्या स्फोटाची खबर जगाला लागली ती २८ तारखेला, स्वीडनच्या फोर्समार्क प्रकल्पातल्या मापकांनी धोक्याची सूचना दिल्यावर. सोव्हिएत राज्यसत्तेने स्वतःच्या नागरिकांपासून जे लपवले, ते परक्या देशाच्या यंत्रांनी उघड केले. त्या क्षणी त्या राज्यसत्तेच्या पुढच्या प्रत्येक खऱ्या आकड्याचीही किंमत गेली.

उलट बाजूचे उदाहरणही तितकेच स्पष्ट आहे आणि माझ्या मागणीचा खरा आधार तेच आहे. थ्री माइल आयलंडच्या इमारतीत सुमारे ४३,००० क्युरी क्रिप्टॉन वायू कोंडलेला होता. तो हळूहळू बाहेर सोडल्याशिवाय सफाईला आत माणूस जाऊ शकत नव्हता. सरकारने १९८० मध्ये तसे ठरवले तेव्हा लोक संतापले, कारण आधीच्या वर्षभरात त्यांना उलटसुलट माहिती मिळाली होती. त्या वेळी केंद्र व राज्य सरकारच्या खात्यांनी आणि पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाने मिळून प्रकल्पाभोवतीच्या बारा गावांतल्या सुमारे पन्नास सामान्य नागरिकांना मापक हाताळायचे शिक्षण दिले. आपापल्या गावात मोजायचे आणि आकडा गावात लावायचा, असे ते काम होते. जून-जुलै १९८० मध्ये वायू सोडला गेला तो या नागरिकांच्या डोळ्यांदेखत. शिवाय सफाईवर देखरेखीसाठी नागरिकांची सल्लागार समिती नेमली गेली आणि ती १९९३ पर्यंत खुल्या बैठका घेत राहिली. प्रकल्पाजवळच्या सस्क्वेहाना नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या लँकेस्टर शहराने दूषित पाणी नदीत सोडण्याविरुद्ध कोर्टात धाव घेतली. ते शहर प्रकल्पाच्या जिल्ह्यातही नव्हते. शेवटी ते पाणी नदीत न सोडता वाफ करून उडवले गेले आणि हे काम १९९३ मध्ये पूर्ण झाले. लोकांना मोजणीत घेतल्याने सफाई अडली नाही, उलट अडलेली सफाई सुरू झाली.

फुकुशिमातही विश्वास परत आला तो जिथे मोजणी उघडी झाली तिथेच. अपघातानंतर तिथला तांदूळ कोणी घेईना. प्रशासनाने २०१२ च्या पिकापासून प्रत्येक पोते मोजायला घेतले. तीस किलोची सुमारे एक कोटी पोती दर वर्षी यंत्राखालून गेली. किलोमागे १०० बेकरेल ही जगातल्या कडक मर्यादांपैकी एक मर्यादा लावली गेली. पहिल्या वर्षी ७१ पोती मर्यादेबाहेर निघाली, २०१४ मध्ये दोन आणि २०१५ पासून एकही नाही. शेतकऱ्याला हे आकडे गिऱ्हाइकासमोर ठेवता आले. प्रकल्पात साठवलेले दूषित पाणी समुद्रात सोडण्याचा प्रश्न याहून चिघळलेला होता. त्यातले ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, गाळून काढता येत नाही, म्हणून ते लिटरमागे १,५०० बेकरेलच्या खाली येईल इतके पाणी मिसळून ऑगस्ट २०२३ पासून सोडले जाते. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक पातळी १०,००० आहे. तरीही मच्छीमारांचा विरोध राहिला आणि चीनने जपानी मासळीवर बंदी घातली, कारण पाणी शुद्ध असल्याचे सांगणारी कंपनी आधी खोटे बोललेली होती. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने जागेवर कार्यालय उघडून आणि वेगवेगळ्या देशांच्या प्रयोगशाळांकडून नमुने तपासून घेऊन ही दरी कमी करण्याचा प्रयत्न केला. शास्त्राच्या दृष्टीने जो आकडा पहिल्या दिवशीच पुरेसा होता, तो समाजाच्या गळी उतरायला त्रयस्थाची मोजणी लागली.

यावर पहिला आक्षेप असा येईल की आपल्याकडे असे काही झालेले नाही, मग ही चर्चा कशाला? भारतातल्या भट्ट्यांत इंधन वितळण्याचा अपघात झालेला नाही, हे खरे आहे आणि त्याचे श्रेय तिथल्या कर्मचाऱ्यांना दिलेच पाहिजे. पण धोका जवळून गेल्याचे प्रसंग आहेत. ३१ मार्च १९९३ रोजी नरोऱ्याच्या अणुप्रकल्पात टर्बाइनचे पाते तुटून हायड्रोजनची आग लागली, वीजतारा जळाल्या आणि प्रकल्प सुमारे सतरा तास विजेविना राहिला. नोव्हेंबर २००९ मध्ये कैगाच्या प्रकल्पात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळले गेले आणि पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांच्या शरीरात ट्रिटियम आढळले. ते उघडकीस आले कर्मचाऱ्यांच्या नेहमीच्या लघवी तपासणीमुळे. नियमित मोजणी नसती तर ते कूलर किती दिवस तसेच राहिले असते, याचा विचार व्हावा. ११ मार्च २०१६ रोजी, फुकुशिमाला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, काकरापारच्या पहिल्या भट्टीत शीतक नलिका फुटली आणि प्रकल्पात आणीबाणी जाहीर झाली. भट्टी सुरक्षितपणे बंद झाली, पण नलिका बदलून ती पुन्हा चालू व्हायला २०१९ उजाडले. काकरापारच्या पंचक्रोशीतल्या आदिवासी गावांना त्या दिवशी जे कळले ते एवढेच, की किरणोत्सार मर्यादेत आहे. मर्यादा किती, काल किती होता, आज किती आहे, हे तीन आकडे त्यांच्या चावडीवर असते तर त्या वाक्याला वजन आले असते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा प्रश्न तारापूरला सर्वांत जवळचा आहे. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यावसायिक वीजनिर्मिती करू लागल्या. त्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या उकळत्या पाण्याच्या भट्ट्या आहेत, म्हणजे फुकुशिमाच्या सुरुवातीच्या भट्ट्यांच्याच घराण्यातल्या, त्यांच्याहूनही आधीच्या पिढीच्या. २०२० मध्ये त्या दोन्ही मोठ्या दुरुस्तीसाठी बंद कराव्या लागल्या. २००५ आणि २००६ मध्ये तिथे ५४० मेगावॅटच्या आणखी दोन भट्ट्या आल्या, त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. चिंचणी, दांडी, घिवली, उच्छेळी इथली माणसे समुद्रावर जगतात आणि बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत हजारो कामगार राहतात. नोव्हेंबर २०१८ पासून त्याच पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागाला छोट्या-मध्यम भूकंपांचे सत्र सोसावे लागले. त्या धक्क्यांनी प्रकल्पाला काही झाले असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो की घर हलल्यावर माणूस पहिला प्रश्न भट्टीचा विचारतो आणि त्याचे उत्तर त्याला त्या रात्रीच मिळाले पाहिजे. तारापूरला भट्टी सुरू होण्याच्या काही वर्षे आधीपासून पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा हवा, पाणी, माती, दूध, मासे तपासत आली आहे. अर्ध्या शतकाहून अधिक काळाची ही नोंद देशाची मोठी संपत्ती आहे. तिचा काही भाग वार्षिक अहवालांत सरासरी म्हणून आणि मर्यादेच्या इतके टक्के अशा रूपात छापला जातो. घिवलीच्या मच्छीमाराला त्यातून त्याच्या खाडीतल्या मासळीचे या महिन्याचे उत्तर मिळत नाही.

जुन्या भट्टीचा प्रश्न अपघाताने मोडलेल्या भट्टीच्या प्रश्नापासून वाटतो तितका वेगळा नाही. आयुष्य संपलेली भट्टीही साफ करावी लागते, तिचे इंधन, तिचे पाइप, तिचे काँक्रीट पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावे लागते. भारतात आजवर एकही वीजनिर्मितीची अणुभट्टी पूर्ण मोडून तिची जागा मोकळी झालेली नाही. राजस्थानातल्या रावतभाट्याची पहिली भट्टी २००४ पासून बंद आहे. २०१२ मध्ये महालेखापरीक्षकांनी आपल्याच मंडळाच्या कारभारावरच्या अहवालात नोंदवले की तीस वर्षे चाललेल्या आणि बंद पडलेल्या प्रकल्पांनाही कायमचे मोडीत काढण्याची योजना नव्हती. मंडळ १९८३ मध्ये सरकारी आदेशाने स्थापन झाले आणि त्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न त्या अहवालाने, तसेच २०१५ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तपासणी पथकानेही उपस्थित केला. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने माहितीभोवती जी भिंत घातली, तिच्या आड काम करण्याची सवय खात्याला लागली आहे. कायदा जुना असो वा नवा, ही सवय मोडायला नियामकाने स्वतः पुढाकार घ्यावा लागेल. केंद्र सरकारने २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज हे उद्दिष्ट जाहीर केले आहे. भट्ट्या इतक्या पटीने वाढणार असतील तर झाकली मूठ सव्वा लाखाची या न्यायाने चालणारा कारभार पुरणार नाही.

दुसरा आक्षेप सर्वांत जुना आहे. लोकांना आकडे दिले तर घबराट पसरेल, अर्धवट समजुतीने माणसे पळतील, असे सांगितले जाते. हा आक्षेप मी हलका मानत नाही, कारण भीतीनेही माणसे मरतात. फुकुशिमा प्रांतात घाईच्या स्थलांतराने, औषधपाण्यावाचून आणि उद्ध्वस्त आयुष्याच्या ताणाने दगावलेल्यांची अधिकृत संख्या २,३०० हून अधिक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीला मात्र तिथल्या रहिवाशांत थेट किरणोत्सारामुळे झालेली आरोग्यहानी आढळली नाही. यातून काय ठरते? घबराट आकड्यांनी झाली नाही, आकड्यांवाचून झाली. कुठे जावे आणि कुठे थांबावे हे न कळल्याने माणसे मेली. २०१८ मध्ये जपानच्या नियामकाने फुकुशिमातल्या शाळा-बागांमधली सुमारे ३,००० पैकी २,४०० मापकफलक काढून टाकायचे ठरवले, तेव्हा ते राहू द्या असा आग्रह धरला तो स्थानिक आईबापांनी. नियामकाला पुढच्या वर्षी निर्णय मागे घ्यावा लागला. आकडा रोज दिसला की तो सवयीचा होतो आणि बदलला की लगेच कळतो. आमच्या भागातले पाणी प्राणहितेतून गोदावरीत जाते. भद्राचलमला गोदावरी ४३ फुटांवर आली की पहिला इशारा, ४८ वर दुसरा, ५३ वर तिसरा, हे तिथल्या नदीकाठच्या निरक्षर माणसालाही तोंडपाठ आहे. जुलै २०२२ मध्ये पाणी ७१ फुटांवर गेले तेव्हा याच आकड्यांच्या आधारे गावे रिकामी झाली. पुराचा आकडा ज्याला समजतो त्याला किरणोत्साराचा आकडाही समजेल. तो त्याला द्यायला हवा, एवढेच.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. प्रकल्पाच्या आतली रचना, पहारा, इंधनाच्या हालचाली गुप्त ठेवणे आवश्यक आहे आणि ते कोणी मागत नाही. कुंपणाबाहेरच्या हवेतला गॅमा किरणांचा दर किंवा खाडीच्या गाळातले सीझियम हे मात्र शत्रूला उपयोगी पडणारे गुपित नव्हे. फ्रान्सची बहुतांश वीज अणुभट्ट्यांतून येते. तिथे २०१० पासून पर्यावरणातल्या किरणोत्साराच्या मोजमापांचे राष्ट्रीय जाळे लोकांना खुले आहे, त्यात सरकारी प्रयोगशाळांबरोबर मान्यता मिळालेल्या नागरिक संस्थांचेही आकडे असतात आणि प्रत्येक प्रकल्पाशेजारी स्थानिक माहिती समिती आहे. युरोपातल्या हजारो केंद्रांचे मापन एकत्र करून दाखवले जाते. त्याने तिथल्या भट्ट्या धोक्यात आल्या नाहीत.

चौथा आक्षेप तांत्रिक आणि रास्त आहे. बाजारातून घेतलेल्या मापकाने कोणीही मोजले तर आकडे चुकतील, असे शास्त्रज्ञ म्हणतात. चुकतीलच, कारण पायाभूत आकडा माहीत नसेल तर खरा आकडाही फसवतो. महाराष्ट्राच्या काळ्या बेसॉल्टवर नैसर्गिक किरणोत्सार कमी असतो, हैदराबादच्या ग्रॅनाइटवर जास्त, केरळच्या चवऱ्याच्या वाळूवर त्याहून जास्त. पुण्यात घेतलेला मापक हैदराबादेत चालू केला तर काही गळती झाली असे अजाण माणसाला वाटू शकते. यावर उपाय मापक हिरावून घेणे हा नाही. गावागावाचा पायाभूत आकडा जाहीर करणे आणि मोजणाऱ्यांना शिकवणे हा आहे. जपानमध्ये अपघातानंतर काही दिवसांतच उभ्या राहिलेल्या सेफकास्ट या स्वयंसेवी गटाने मोटारीवर बसवायचे मापक बनवून लाखो नोंदी सर्वांसाठी खुल्या केल्या आणि त्या सरकारी नोंदींशी ताडून पाहता आल्या. तारापूरच्या पंचक्रोशीतल्या विज्ञान शिक्षकांना पेनसिल्व्हेनियाच्या गावकऱ्यांपेक्षा हे अवघड जाण्याचे कारण नाही.

सीमेवरून लिहिणाऱ्याला आणखी एक गोष्ट ठळक दिसते. आमच्या तालुक्यांत तेलुगू, मराठी, गोंडी, कोलामी शेजारी शेजारी बोलल्या जातात आणि पलीकडे जिवती-केरामेरीच्या हद्दीवर दोन राज्ये ज्या गावांवर हक्क सांगतात ती गावेही आहेत. कोणती सूचना कोणी, कोणत्या भाषेत द्यायची हा प्रश्न अशा गावांत नेहमीचा असतो. अणुप्रकल्पांभोवती तोच प्रश्न जीवनमरणाचा होतो. काकरापार गुजरातेत आहे, पण नंदुरबार फार दूर नाही. कैगा कर्नाटकात आहे, पण गोव्याची हद्द जवळ आहे. तारापूरच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर गुजरात सुरू होतो. आपत्तीच्या वेळी प्रकल्पाबाहेरचा कारभार त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्याच्या हाती असतो आणि त्याचा अधिकार जिल्ह्याच्या हद्दीला संपतो. वारा आणि समुद्राचा प्रवाह मात्र तिथे थांबत नाही. तारापूरच्या फलकावर मराठी हवी, तशी वारलीतली उद्घोषणाही हवी. काकरापारला गुजरातीबरोबर गामीत बोलणाऱ्यांपर्यंत निरोप पोचायला हवा. तेही पहिल्यांदा अपघाताच्या दिवशी नव्हे, तर आजपासून.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत. प्रत्येक अणुप्रकल्पाच्या १६ किलोमीटरच्या आपत्कालीन नियोजन क्षेत्रातल्या सर्व ग्रामपंचायतींत मापकफलक लावा. त्यावर आत्ताचा आकडा, गावाचा पायाभूत आकडा आणि इशाऱ्याची पातळी स्थानिक भाषेत दिसू द्या. तारापूरच्या प्रयोगशाळेची आरंभापासूनची मोजमापे, गावनिहाय आणि महिनानिहाय, लोकांसाठी खुली करा. मासे, दूध, भात आणि विहिरीचे पाणी यांची तपासणी प्रकल्पाशी संबंध नसलेल्या विद्यापीठांच्या प्रयोगशाळांकडूनही करून घ्या आणि दोन्ही निकाल शेजारी छापा. सरपंच, मच्छीमार सोसायटी, शिक्षक, गावातले डॉक्टर आणि शेजारच्या राज्याचा प्रतिनिधी यांची स्थानिक समिती नेमा, तिच्या बैठका खुल्या ठेवा. काही बिघाड झाल्यास पहिल्या निवेदनातच आकडे द्या, नुसते मर्यादेत आहे असे लिहू नका. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या एक ना एक दिवस कायमच्या बंद होतील, त्या मोडण्याची योजना आणि त्यासाठी जमवलेला निधी आत्ताच जाहीर करा. यातल्या कोणत्याही गोष्टीला नवे तंत्रज्ञान लागत नाही. मापक आपल्या देशात बनतात, मोजणारे शास्त्रज्ञ आपल्याकडे आहेत, नोंदी आपल्या कपाटात आहेत.

अणुवीज हवी की नको या वादात मला या पत्रातून पडायचे नाही. ज्यांना ती हवी आहे त्यांनीच ही मागणी सर्वांत मोठ्याने करायला हवी, कारण एका अपघाताने लोकांचा विश्वास गेला तर उरलेल्या सगळ्या भट्ट्यांवरचाही जातो. जपानने २०११ नंतर आपल्या सर्व भट्ट्या एकेक करून बंद ठेवल्या आणि त्यांतल्या अनेक अजून उघडलेल्या नाहीत. नियामकाचे पहिले उत्तरदायित्व प्रकल्पाच्या कुंपणाबाहेर राहणाऱ्या माणसाशी असते. त्याच्या हवेचा, पाण्याचा, मासळीचा आकडा हा त्याचाच आहे आणि तो त्याला मागावा लागू नये. आपण मनावर घेतले तर येत्या पावसाळ्याआधी तारापूरच्या गावांत पहिले फलक लागू शकतात. ते लावावेत, ही कळकळीची विनंती.

आपला,
वांकिडी येथील एक मराठी नागरिक